पहिला मुक्काम विटा

माझ्या खोलीचं क्षेत्रफळ दीड आणा आहे, हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. मी सांगलीत नुकताच मास्तर म्हणून लागलो होतो. वळकटी काखेत आणि ट्रंक हातात घेऊन मी दारात उभा, आणि घरमालक उंबऱ्यावरून म्हणत होते, "एका गुंठ्याचे सोळा आणे. त्यातला दीड आणा जमीन तुमची. खिडकीखालची वीतभर माझी. तिथं माझी कुऱ्हाड असते." कुऱ्हाड कशाला, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. पुढं तीन वर्षं मी त्या खोलीत राहिलो. ती कुऱ्हाड कधी जागची हललेली पाहिली नाही, आणि ती कशासाठी होती हे मला आजतागायत कळलेलं नाही. त्यांच्या बाबतीत माझं बहुतेक असंच झालं.

सातारा जिल्ह्यात मोजणी खात्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. बांधाची भांडणं, गावांच्या शिवा, ओढ्यानं खाल्लेली रानं, सगळीकडं हे साखळी टाकून आलेले. पेन्शन घेतली आणि इंग्रजांच्या इलाख्यातून उठून सांगली संस्थानात घर बांधलं. गाव त्यांना मोजणीदार म्हणायचं. मी काका म्हणायचो. अंगानं वाळकुडे, मिशा मात्र भरदार, आणि टोपीशिवाय घराबाहेर पाऊल नाही. परसात जायचं झालं तरी सदऱ्याची गळ्याशी असलेली गुंडी लावून जायचे.

त्यांचा एक सिद्धान्त होता. "हद्दीबद्दल माणूस खरं बोलत नसतो मास्तर. दोन शेजाऱ्यांना विचारलं तर बांध दोन जागी निघतो. म्हणून तिघांना विचारायचं आणि मधला धरायचा." बांधापुरतं हे ठीक होतं, पण काकांनी ते सगळ्या संसाराला लावलं होतं. वांग्यांचा भाव तिघींना विचारायचा. पाऊस पडेल का, हे तिघांना. मला एकदा हिवताप आला तेव्हा क्विनाईनच्या गोळ्या किती द्यायच्या म्हणून ते तिघांना विचारून आले. एकानं एक सांगितली, दुसऱ्यानं तीन, तिसऱ्यानं पाच. काकांनी मला एकदम तीन चारल्या. दोन दिवस माझ्या कानात भुंगा गुणगुणत होता, आणि काका उशाशी बसून समाधानानं सांगत होते, "पाच दिल्या असत्या म्हणजे?"

दुसरी त्यांची आवडती गोष्ट नोटिशीची. मोजणीच्या आधी शेतकऱ्याच्या हातात नोटीस द्यावी लागे. ती हातात घेतली नाही तर मोजणी होत नाही, असा गावोगाव समज. त्यामुळं काका पुढच्या दारानं शिरले की शेतकरी मागच्या दारानं पसार. "एक गडी तर कणगीत बसला होता. बाहेर ओढला, तर दोन्ही हात पाठीमागं! म्हटलं, बाबा, कागद घेतला नाहीस म्हणून बांध काय जागचा हलणार आहे?" हे सांगताना काका हसून हसून खोकायला लागत. काकू आतून म्हणत, "पाणी देऊ का?" गोष्ट शंभरदा झालेली असली तरी पाणी लागायचंच.

त्यांचा एकुलता एक मुलगा वसंता पलटणीत होता. लढाई ऐन भरात होती आणि तो ब्रह्मदेशाच्या बाजूला बिनतारी संदेशांच्या कामावर होता. दर पंधरवड्याला त्याचं पत्र यायचं. श्रावणात एक आलं. मग गणपती झाले, दिवाळी झाली, मार्गशीर्ष सरत आला, पत्र नाही. काकांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. माझी शाळा सकाळची, त्यामुळं साडेदहाला मी घरी असायचो. टपालवाला अकराला यायचा. अकराला दहा कमी असताना काका छत्री घेऊन नदीकडं फिरायला जात, ते बाराला परत. काकू मात्र पावणेअकरापासून सूप घेऊन उंबऱ्यावर तांदूळ निवडत बसत. इतके तांदूळ त्या घरात लागत नव्हते. हे दोन्ही मी रोज पाहत होतो आणि दोन्हींचा एकमेकांशी संबंध असेल असं माझ्या डोक्यात आलं नाही. मास्तर झालो म्हणून अक्कल येते असं नाही.

अशात एका संध्याकाळी त्यांनी जाहीर केलं, "मास्तर, आपण सायकलींवरून नाशिकला जायचं. नाताळच्या सुटीला जोडून रजा टाका."

नाशिकलाच का, हे कुणालाच कळलं नाही. पण त्यांच्या बोलण्यात अशी काही खात्री असायची की माणसं होय म्हणून जात. आम्ही सहाजण जमलो. काका आणि मी. पेठेतला किराणा दुकानदार भूपाल, त्याची अट एकच, जैन असल्यानं तो दिवस मावळायच्या आत जेवणार. कोर्टातले दोन कारकून, एक लांब आणि एक आखूड. आणि बाळू सायकलवाला, कारण लढाईमुळं टायर-ट्यूब मिळत नव्हत्या आणि आमच्या ट्यूबांत रबर कमी नि ठिगळं जास्त होती. पहिला मुक्काम विटा, मग रहिमतपूर, मग कोरेगावावरून सातारा, असं काकांनी बोटावर मोजून सांगितलं. "सगळा माझ्या पायाखालचा मुलूख आहे," असंही म्हणाले.

"सफर म्हणजे जत्रा नव्हे," हे त्यांचं दुसरं वाक्य. सगळे सारखे दिसले पाहिजेत. कापडाला कंट्रोल असताना त्यांनी कुठून कोण जाणे एक खाकी तागा पैदा केला आणि आम्हा सहाजणांना खाकी शर्ट आणि खाकी अर्ध्या चड्ड्या शिवून घेतल्या. खांद्यावरून तिरकी चामडी पिशवी. मी आरशात पाहिलं तर कुठल्या तरी खात्याचा शिपाई दिसत होतो. कुठल्या खात्याचा, ते मात्र आठवेना.

निघायच्या दिवशी पहाटे काकूंनी दशम्या आणि शेंगाची चटणी बांधून दिली. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "मास्तर, मुक्कामांची गावं लिहून द्या हो. काही कळवायचं झालं तर." मी कागद काढला. तेवढ्यात काका आले, त्यांनी तो माझ्या हातातून घेतला आणि खिशात घातला. "वाट बदलू शकते. लिहून काय उपयोग?" काकू त्यांच्याकडं पाहत राहिल्या. मग "बरं" म्हणाल्या आणि आत गेल्या. मला ते बरं वाटलं नाही, पण पहाटेची वेळ, सहा सायकली, गल्लीतली माणसं जमलेली, त्या गडबडीत ते राहून गेलं.

तासगावपर्यंत सगळं झकास झालं. संस्थानची हद्द लागली तिथं काकांनी सगळ्यांना उतरवलं आणि हद्दीचा दगड हातानं चाचपून पाहिला. तासगावात चहा घेतला. तिथून पुढं चढ सुरू झाले. रानात शाळू पोटऱ्यात आला होता, वारा गार होता, लांब कारकुनाची चेन चारदा पडली. मग एका माळावर रस्त्याला फाटे फुटले. उजवीकडं मोठी सडक आणि तिच्या कडेला मैलाचा दगड. त्यावर स्पष्ट लिहिलं होतं, विटा.

काका उतरले. "तिघांना विचारू."

"अहो काका, दगडावरच लिहिलंय की," भूपाल म्हणाला.

"दगड कोणीही हलवतो. जन्मभर तेच बघत आलोय."

पहिला भेटला मेंढरं राखणारा. तो म्हणाला, "ह्या उजव्या हातानं जावा. सरळ सडक हाय." दुसरी सरपणाची मोळी घेतलेली बाई. ती म्हणाली, "आवं, डावीकडनं जवळ पडतंय. मदी योकच डोंगुर हाय." तिसरा एक म्हातारा बैलं घेऊन चालला होता. तो म्हणाला, "दोनी बी नगा. ह्या मदल्या पांदीनं जावा. माझी गाडी रोज जाती, लय सोपी वाट हाय."

मधला! काकांचा चेहरा उजळला. आम्ही पांदीच्या गाडीवाटेत शिरलो.

म्हाताऱ्याची गाडी रोज जात असेल, पण ती त्याच्या वस्तीपर्यंत जात होती. तिथं पांद संपली. पुढं ओढा, ओढ्यापुढं चढ, चढावर करवंदीच्या जाळ्या. आम्ही सायकली खांद्यावर घेतल्या. एक टेकडी चढून उतरलो तर समोर दुसरी. बाळू म्हणाला, सूर्य उजवीकडं पाहिजे. आखूड कारकून म्हणाला, डावीकडं. एका वाकड्या बाभळीपाशी आम्ही विसावलो, आणि अर्ध्या तासानं पुन्हा त्याच बाभळीपाशी आलो. भूपाल सारखा आभाळाकडं बघत होता.

"काका, दिवस मावळायच्या आत पोचू ना?"

"भूपाल, आत्ता अकरा वाजलेत," काका म्हणाले. त्यांनी घड्याळ खिशात ठेवलं. मग माझ्याकडं वळून हसले. "अकरा वाजले मास्तर. आणि आपण इथं. कुणाला सापडायचं म्हटलं तरी सापडणार नाही." घामानं डबडबलेला, वाट चुकलेला माणूस इतका खूश का आहे, हे मला कळेना.

बाराच्या सुमाराला एका खळग्यात पंचवीस-तीस घरांचं गाव दिसलं. गावात शिरताना घंटी वाजवायची, चोरासारखं जायचं नाही, हा काकांचा नियम. आम्ही रांगेत सायकलींवर बसलो आणि सहाच्या सहा घंट्या वाजवत उतारानं गावात शिरलो.

विहिरीवरच्या बाईनं आम्हाला पाहिलं आणि भरलेली घागर तशीच टाकून ती पळाली. खळ्यातल्या माणसानं बैल थांबवले आणि तो जागीच उभा राहिला. एक दार लागलं, मग दुसरं, मग ओळीनं सगळी. आमच्या घंट्या आपोआप थांबल्या.

ते चळवळीचे दिवस होते. डोंगरातल्या गावांवर पोलिसांच्या धाडी पडायच्या. मला वाटलं, आम्हाला पोलीस समजले. आखूड कारकुनालाही तेच वाटलं असावं, कारण तो दोन्ही हात वर करून ओरडला, "आम्ही पोलीस नाही हो! पोलीस नाही!" त्यानं आणखीच बिघडलं. एका बंद दाराआड बाई रडायला लागली. मग पलीकडच्या घरात दुसरी. काय झालं होतं ते आम्हाला कुणाला समजत नव्हतं. आम्ही रस्त्याच्या मधोमध सायकली धरून येड्यासारखे उभे होतो.

एक म्हातारी तेवढी बाहेर होती, घरासमोरच्या कट्ट्यावर. तिला बहुधा उठता येत नव्हतं. काका तिच्याकडं गेले. चामड्याच्या पिशवीतून त्यांनी नकाशा काढला. "आजी, ह्या कागदावर..."

म्हातारीनं दोन्ही हात पदराखाली घेतले. "म्या न्हाई घ्येनार. म्या हात लावनार न्हाई त्येला."

"आजी, नुसतं गावाचं नाव..."

"दोन ल्योक हायती माजं. कुनाचा हाय त्यो कागुद? थोरल्याचा का धाकल्याचा?" आणि मग एकदम, "नगं! नगं सांगू!"

तोवर एक फेटेवाले गृहस्थ, गावचे पाटील असावेत, हात जोडून पुढं आले होते. "सायेब, घरटी मानूस हाय आमचा लढाईत. मागं दोन डाव तालुक्यावनं तारवाला आल्ता, असाच, खाकी कापडं, सायकल, पिशवी. योकटाच आल्ता. दोनी डाव मानूस गेल्याचाच कागुद व्हता." ते आम्हाला एकेक करून मोजत होते. "आज सहाजन आलासा. सहा तारा आनल्या व्हय?"

मी माझ्या अंगावरच्या कपड्यांकडं पाहिलं. आरशात जे खातं आठवत नव्हतं ते आता कळलं. लाज वाटली म्हणणं कमी आहे. त्या क्षणी मला ते कपडे तिथंच जाळून टाकावेसे वाटले.

काका नकाशा धरून तसेच उभे होते. म्हातारीचे हात पदराखाली होते. असे लपवलेले हात काकांनी नोकरीभर पाहिले होते, त्यांच्यावर गोष्टी रचल्या होत्या. मग ते खाली मातीतच तिच्यासमोर बसले. "आजी, तुमचा कागद नाही. कुणाचाच नाही. आम्ही वाट चुकलोय."

"खरं?"

"देवाशपथ खरं. नुसती वाट चुकलोय."

म्हातारीनं हात बाहेर काढले आणि काकांच्या खांद्यावर एक चापट मारली. "मुडद्या! मंग घंट्या कशापायी वाजिवल्या?"

पाटील गल्लीतून ओरडत गेले, "कागुद न्हाई! कागुद न्हाई! वाट चुकलेली मानसं हायती!" दारं उघडू लागली. ज्या बाया रडत होत्या त्याच आता डोळे पुसत आम्हाला बघायला आल्या. कुणी भाकरी आणली, कुणी ताक, कुणी गूळ. भूपालला तर चांगल्या दुपारी जेवण मिळालं. माणसं आम्हाला हसत होती आणि आम्हीही हसत होतो.

म्हातारी काकांना सोडत नव्हती. "तुजं कोन हाय का पलटनीत?"

"मुलगा."

"कागुद येतो का त्येचा?"

"पाच महिने नाही."

मग तिनं विचारलं, "मंग तू हितं डोंगरात काय करतुयास? घरी कोन हाय, आला कागुद तर घ्यायला?"

"मंडळी आहे."

"येकलीच?"

काकांनी समोरची भाकरी न मोडताच बाजूला सारली. मला तिथं कट्ट्यापाशी एकदम सगळं कळलं, छत्री, नदी, नाशिक, आणि पहाटे खिशात गेलेला तो कागद. पाच महिने मी त्या घरात राहत होतो आणि हे एका अनोळखी म्हातारीनं दहा मिनिटांत ओळखलं.

काका उठले, त्यांनी सायकल वळवली. "मास्तर, तुम्ही मंडळींबरोबर विट्याला जा. मी घरी जातो."

मी त्यांच्याबरोबर निघालो. एकट्याला सोडलं असतं तर सांगलीऐवजी ते जतला पोचले असते. बाकीचे चौघे पाटलांनी दाखवलेल्या वाटेनं विट्याला गेले. नाशिकला ते कधीच पोचले नाहीत, साताऱ्यातून परत फिरले, पण ती गोष्ट वेगळी.

परतीच्या वाटेवर काकांनी कुणालाही रस्ता विचारला नाही. मैलाचे दगड वाचत आलो. तासगावपुढं एकदाच ते बोलले. "पाच महिने घरात ती मला काही बोलली नाही हो मास्तर. एका शब्दानं नाही." मी पायडल मारत राहिलो.

सांगलीची वेस जवळ आली तेव्हा दिवस मावळायला टेकला होता. काका उतरले. "शर्ट काढा."

"काका, थंडी..."

"काढा. ती दारात बसलेली असणार."

त्यांनी स्वतःचा शर्ट काढून पिशवीत कोंबला, पिशवी हँडलला उलटी बांधली. परसात जाताना गळ्याची गुंडी लावणारा तो माणूस बनियन आणि अर्ध्या चड्डीवर भर पेठेतून निघाला. टोपी तेवढी डोक्यावर होती. लोक दुकानांतून बाहेर येऊन बघत होते. आमच्या गल्लीच्या तोंडाशीच ते ओरडायला लागले, "अगं, मी आहे! मीच आहे गं! मी!" गल्लीत त्यांचा इतका मोठा आवाज त्याआधी कुणी ऐकला नव्हता.

काकू दारात आल्या. त्यांनी दोघांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. "अहो, हे काय? विटा इतक्या लवकर आलं?"

"उद्यापासून अकरा वाजता मी घरी आहे," काका म्हणाले.

काकू वळून आत गेल्या आणि आमच्यासाठी पाणी तापत ठेवलं. मग स्वयंपाकघरातून त्यांच्या रडण्याचा आवाज आला. काका बनियनवरच आत गेले. मी माझ्या दीड आण्यात जाऊन दार लोटून घेतलं.

वसंता परत आला का, असं ही हकीकत ऐकणारे मला विचारतात. नाही आला. तो मेल्याचंही कधी कुणी कळवलं नाही. आली ती फाल्गुनात एक तार. अकराला नाही, चांगली चार वाजता आली. तारवाला गल्लीत वळला तेव्हा काका-काकू दोघंही ओसरीवर होते. काका उठले, स्वतः पुढं झाले, हात पुढं केला, सही केली. तार इंग्रजीत होती. त्यांनी ती दोनदा वाचली.

"काय म्हणतायत?" काकूंनी विचारलं.

"बेपत्ता म्हणतायत."

"म्हणजे?"

काकांनी तार तिसऱ्यांदा वाचली. "मला कळत नाही गं," ते म्हणाले. मग वळून ते रस्त्याकडचं दार लावायला निघाले.

"दार कशाला लावताय?" काकू म्हणाल्या. "बेपत्ता म्हणजे वाट चुकला असेल. तुमचाच मुलगा आहे तो."

काकांनी दारावरचा हात काढला. मग दार तसंच उघडं ठेवून ते परत येऊन काकूंशेजारी बसले.